मदत मिळाली, भरपाईचं काय?
निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध कसा करायचा : चार प्रश्न

(भंडारा येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं शिक्षण याच जिल्ह्यात झालं, नंतर इंजिनिअरिंग केलं आणि आता कंपनीत नोकरी करतो. कायद्याकडे मी वळलो तो घरातल्या एका प्रसंगामुळे. तो पुढे सांगेन. आधी आपल्या शहरातल्या एका रात्रीबद्दल बोलू. ती इथल्या प्रत्येकाला आठवत असेल.

९ जानेवारी २०२१. शुक्रवारची रात्र संपून शनिवार लागला होता. पहाटे दीड-दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्यांपैकी ३ भाजून गेली आणि ७ धुराने गुदमरून. लाखनी, साकोली, मोहाडी, तुमसर अशा आपल्या ओळखीच्या भागांतून लोक याच रुग्णालयात येतात. कारण बाळ नाजूक असेल आणि खाजगी दवाखाना परवडत नसेल, तर दुसरीकडे जायचं कुठे?

त्यानंतर काय झालं? राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. सिव्हिल सर्जनसह काही डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवर निलंबन, बदली, सेवासमाप्ती अशी कारवाई झाली. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. मग बातम्या थांबल्या.

आज कुणाला विचारलं तर दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "पैसे मिळाले ना त्यांना." दुसरं, "नर्सवर केस झाली ना." माझं आजचं बोलणं या दोन वाक्यांबद्दल आहे. मदत मिळाली म्हणजे भरपाई मिळाली असं नाही. आणि एका माणसावर गुन्हा नोंदवला गेला म्हणजे संस्थेची जबाबदारी ठरली असंही नाही. या दोन्हींसाठी कायद्यात वेगळा रस्ता आहे. त्याचं नाव टॉर्ट. मराठी कायद्याच्या पुस्तकांत त्याला अपकृत्य म्हणतात. आपल्या मुलांना हा रस्ता माहीत नसतो, आणि माहीत होईपर्यंत मुदत गेलेली असते.

तीन रस्ते, तीन वेगळे प्रश्न

एखादी दुर्घटना झाली की तीन प्रकारची कारवाई होऊ शकते. लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली फौजदारी. पोलीस, एफआयआर, शिक्षा. तिथे प्रश्न असतो, या माणसाने गुन्हा केला का? तो संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. डॉक्टरांच्या बाबतीत तर जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी जबाबदारीसाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो.

दुसरी खात्याची. निलंबन, बदली. तिथे प्रश्न असतो, नोकराने नियम पाळले का? यात पीडित कुटुंब पक्षकारच नसतं.

तिसरी दिवाणी. टॉर्टचा दावा यात येतो. इथे प्रश्न असतो, कुणाचं कर्तव्य होतं, ते चुकलं का, आणि त्यामुळे झालेलं नुकसान कोण भरून देणार? इथे दावा कुटुंब करतं. आणि पुराव्याची पट्टी वेगळी असते. संशयापलीकडे नाही, तर दोन शक्यतांपैकी जास्त संभवनीय कोणती, एवढंच कोर्ट बघतं. म्हणून फौजदारी खटल्यात कुणी सुटला तरी दिवाणी दावा टिकू शकतो.

सानुग्रह मदत यांपैकी कशातच बसत नाही. "सानुग्रह" या शब्दातच अर्थ आहे, कृपा म्हणून दिलेली. सरकार ती देताना "आमची चूक झाली" असं म्हणत नाही. ती घेतल्याने तुमचा हक्क आपोआप संपत नाही. पुढे कोर्टाने भरपाई ठरवली तर मिळालेली रक्कम त्यातून वजा होऊ शकते, इतकंच. पण एक जपा. पैसे घेताना कोणत्या कागदावर सही करतोय ते वाचून घ्या. "यापुढे आमची काहीही तक्रार नाही" असं लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

चार प्रश्न

निष्काळजीपणाचा दावा चार प्रश्नांवर उभा राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही चार अटींची "अँड" आहे. चारही खऱ्या निघाल्या तर उत्तर खरं. तीन भक्कम आणि एक खोटी असेल तर अख्खा दावा पडतो. लोकांचे दावे बहुतेक इथेच पडतात. राग खरा असतो, दुःख खरं असतं, पण एक कडी सुटलेली असते.

पहिला प्रश्न : काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का?

याची गोष्ट स्कॉटलंडमधली आहे. १९२८ साली पेस्ली गावात एका बाईला तिच्या मैत्रिणीने कॅफेत जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची होती. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली, असं तिचं म्हणणं होतं. बाई आजारी पडली. पण बाटलीचे पैसे तिने दिलेच नव्हते, म्हणजे कुणाशी करार नाही. मग दावा कशाच्या जोरावर? प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिच्या बाजूने निकाल लागला. तत्त्व असं की ज्या माणसाला तुमच्या कृतीची झळ लागू शकते हे तुम्हाला समजायला हवं, तो कायद्याच्या दृष्टीने तुमचा शेजारी. त्याच्याबद्दल काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य, करार असो वा नसो. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण घरी-मशिदीत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कायद्याने तीच गोष्ट कारखानदाराला लागू केली.

आता आपल्याकडे या. रुग्णालयात घेतलेल्या बाळाची काळजी घेणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे, यावर कुणी वाद घालणार नाही. वाद होतो तो "सरकारवर दावा चालतो का" यावर. याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिळालं. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापड राहिलं. पुन्हा पोट उघडावं लागलं आणि काही दिवसांत ती गेली. नवऱ्याने दावा केला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयात सरकारविरुद्धचा निकाल फिरला. शेवटी १९९६ साली, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुन्हा कायम केला. रुग्णालय चालवणं म्हणजे राजाचा सार्वभौम अधिकार वापरणं नव्हे. नोकराने काम करताना निष्काळजीपणा केला तर मालक म्हणून सरकार जबाबदार. बाईच्या मृत्यूला तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

या निकालाचा आपल्यासाठी अर्थ काय? नर्स एकटी नसते. तिच्या मागे जी संस्था उभी आहे, तिच्याकडे बोट दाखवायची सोय दिवाणी कायद्यात आहे.

आणि आगीपुरतं म्हणाल तर कर्तव्य लेखी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीचा मालक किंवा ताबाधारक याने आगीपासून बचावाची यंत्रणा बसवायची, चालू ठेवायची, आणि ती नीट आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. हे शाळेला लागू आहे, मॉलला आहे, रुग्णालयालाही आहे.

दुसरा प्रश्न : ते कर्तव्य चुकलं का?

वाईट झालं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. हे आपल्या लोकांना सांगायलाच हवं. उपचार करूनही रुग्ण दगावतो. सगळी काळजी घेऊनही अपघात होतो. दवाखान्यात जाऊन डॉक्टरला मारहाण करणारे लोक हा फरक विसरतात. मग स्वतःच आरोपी होतात आणि खरा दावा असला तरी तो घालवून बसतात.

मोजपट्टी अशी, त्या जागी तेच काम जाणणारा सर्वसाधारण समंजस माणूस असता तर त्याने काय केलं असतं? डॉक्टर असेल तर सर्वसाधारण कुशल डॉक्टर. सर्वांत हुशार डॉक्टरशी तुलना नाही.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर २० वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी त्याला टॅक्सीने पुण्याला नेलं. तिथे हाड बसवताना भूल न देता, जास्त जोर लावून पाय ओढला गेला, असं कोर्टात सिद्ध झालं. मुलगा त्याच रात्री गेला. भरपाई ठरली ३,००० रुपये. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. डॉक्टरची कर्तव्यं तीन टप्प्यांत सांगितली : रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणांत हा निकाल वाचला जातो.

समंजस माणसाला काय आधी कळायला हवं होतं, हा या प्रश्नाचा गाभा. भंडाऱ्यात आग एका वॉर्मरच्या ठिणगीतून सुरू झाल्याचं चौकशीनंतर सांगण्यात आलं. जिथे ऑक्सिजन आहे, विजेची यंत्रं रात्रंदिवस चालू आहेत, आणि आतला प्रत्येक रुग्ण स्वतःहून एक पाऊलही टाकू शकत नाही, तिथे आग लागू शकते हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. अशा खोलीत धूर ओळखणारा अलार्म हवा. वायरिंगवर किती भार आहे हे तपासलेलं हवं. रात्री कुणीतरी सतत आत हवं. त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की आगीची यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव वर पाठवलेला होता आणि तो मंजुरीच्या वाटेवर होता. मी कुणाला दोषी ठरवत नाही, ते कोर्टाचं काम. पण टॉर्टच्या दृष्टीने असा कागद फार बोलका असतो. धोका माहीत होता, हे त्यावरून दाखवता येतं.

आणि भंडाऱ्यानंतर? त्याच २०२१ मध्ये मार्चमध्ये भांडुपला, एप्रिलमध्ये विरारला, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि माणसं गेली. ९ जानेवारीनंतर या राज्यातलं कोणतंही रुग्णालय "आम्हाला कल्पना नव्हती" असं म्हणू शकत नाही. आधीच्या दुर्घटनेने पुढच्याची कर्तव्याची पट्टी वर जाते.

तिसरा प्रश्न : त्यामुळेच नुकसान झालं का?

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की आम्ही एक प्रश्न विचारतो. ही एक ओळ काढली तर सिस्टीम कोसळली असती का? कायदाही हेच विचारतो. ती चूक झाली नसती तर हे नुकसान टळलं असतं का?

लंडनचं एक प्रकरण ऐका. तीन रात्रपाळीचे पहारेकरी चहा पिऊन उलट्या करत रुग्णालयात गेले. डॉक्टरने बघितलंच नाही, फोनवर सांगितलं की घरी जा. त्यातला एक मेला. चहात आर्सेनिक होतं. कर्तव्य होतं, ते चुकलं, माणूस गेला. तरी दावा फेटाळला गेला. का? कारण डॉक्टरने तपासलं असतं तरी त्या विषावरचा उपचार वेळेत मिळून तो वाचण्याची शक्यता नव्हती. तिसरी कडी तुटली.

याउलट दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाचं बघा. १३ जून १९९७. खाली ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. ५९ माणसं गेली, तीही बाल्कनीत, धुराने गुदमरून. आग वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरची. मग सिनेमाच्या मालकाचा काय संबंध? संबंध हा, की जास्तीच्या खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवली होती. लोक वेळेत बाहेर पडू शकले नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी वाटली : ८५ टक्के सिनेमागृहाच्या मालकांवर, १५ टक्के वीज मंडळावर. महापालिकेला मात्र सोडलं. म्हणजे आग कुणी लावली एवढ्यावर कारण संपत नाही. माणूस वाचू का शकला नाही, हेही कारणच आहे.

आता भंडाऱ्याची १० बाळं आठवा. ७ धुराने गेली. धूर आगीच्या आधी पसरतो, आणि धुराला वेळ लागतो. म्हणून असा दावा उभा करणाऱ्याने विचारायचे प्रश्न अगदी नेमके असतात. पहिला धूर किती वाजता? पहिल्यांदा कुणाला दिसला? दार किती वाजता उघडलं? अग्निशमनची गाडी किती वाजता आली? अलार्म वाजला असता तर मधली किती मिनिटं मिळाली असती? त्याच कक्षातली ७ बाळं बाहेर काढता आली, म्हणजे बाहेर काढणं शक्य होतं. "कुणाचं चुकलं" या मोठ्या प्रश्नापेक्षा "किती वाजता" हा छोटा प्रश्न कोर्टात जास्त उपयोगी पडतो.

चौथा प्रश्न : नुकसान किती?

कमावता माणूस गेला तर हिशेब मांडता येतो. वय, पगार, घरात किती माणसं. बाळाचा हिशेब कसा मांडायचा? कोर्टांनी इथे अंदाजाची ठोक रक्कम ठरवली आहे. उपहारमध्ये २० वर्षांवरील व्यक्तीसाठी १० लाख आणि त्याहून लहानांसाठी साडेसात लाख. लहान मुलाची रक्कम मोठ्यापेक्षा कमी, हे आई-बापाला पटणं कठीण आहे, मलाही पटत नाही. पण दावा करताना कुटुंबाने हेही मांडायला हवं की नुकसान फक्त कमाईचं नसतं. आईच्या तब्येतीवर, तिच्या मनावर, पुढच्या बाळंतपणावर झालेले परिणाम डॉक्टरी कागदांनिशी दाखवता येतात.

आत कुणीच नव्हतं, मग पुरावा कोण देणार?

आगीच्या वेळी आई-बाप कक्षात नव्हते. त्यांना आत राहूच देत नाहीत. मग चूक कुठे झाली हे ते कसं सांगणार? यासाठी कायद्यात एक तत्त्व आहे, घटना स्वतःच बोलते. जी गोष्ट पूर्णपणे समोरच्याच्या ताब्यात होती, आणि नीट काळजी घेतली तर जी सहसा घडत नाही, ती घडली, तर निष्काळजीपणा गृहीत धरता येतो. आपण काळजी घेतली होती हे मग समोरच्याने सांगायचं. औरंगाबादच्या पोटातल्या कापडाला हेच तत्त्व लावलं गेलं. अर्थात या तत्त्वाच्या भरवशावर बाकीचे कागद सोडायचे नाहीत.

चाचांचा खड्डा

आता घरचा प्रसंग. काही वर्षांपूर्वी माझे चाचा रात्री सायकलने घरी येत होते. रस्त्याच्या कामासाठी एका ठेकेदाराने खड्डा खोदला होता. ना दिवा, ना फीत, ना दगड लावलेले. चाचा त्यात पडले, खुबा मोडला. ते धानाच्या हंगामात हमाली करायचे, ते काम कायमचं सुटलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस घरी आला, पाच हजार ठेवून गेला. अब्बा म्हणाले, भला माणूस दिसतो. तिसऱ्या दिवशी खड्डा बुजवला गेला. चार महिन्यांनी मी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, खड्ड्याचा फोटो? नाही. पोलिसांत नोंद? नाही. दवाखान्याच्या केस पेपरवर काय लिहिलंय? "सायकलवरून पडून दुखापत." खड्ड्याचा शब्दही नाही. कारण भरती करताना आम्हीच तसं सांगितलं होतं. बघणारा कोण? चहाच्या टपरीवाला होता, तो गाव सोडून गेलेला.

चारही प्रश्नांची उत्तरं आमच्या बाजूची होती. पण आमच्या हातात एकही कागद नव्हता. मी रोज ऑफिसात लॉग बघतो, लॉग नसेल तर बग सापडत नाही हे ज्युनिअर मुलांना शिकवतो. आणि माझ्या घरच्यांना मी एक फोटो काढायला सांगू शकलो नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात काय करायचं, ते लिहून घ्या.

एक, जागेचे फोटो आणि व्हिडिओ, तारीख-वेळेसह, मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत पुरेशी नाही.

दोन, दवाखान्यात भरती करताना घटना कशी झाली ते पूर्ण सांगा आणि केस पेपरवर तसंच लिहिलंय का ते वाचा.

तीन, पोलिसांत लेखी तक्रार, आणि तिची पोच. पंचनाम्याची आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा.

चार, उपचाराच्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने ती ७२ तासांत द्यायची आहेत, आणि तीन वर्षं जपून ठेवायची आहेत.

पाच, ज्यांनी बघितलं त्यांची नावं आणि फोन नंबर त्याच दिवशी लिहून ठेवा.

सहा, सरकारी संस्था असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आगीचं प्रमाणपत्र, तपासणी अहवाल, ड्युटीचा तक्ता, मंजुरीसाठी पाठवलेले प्रस्ताव, चौकशी अहवाल, सगळं नावानिशी मागा.

कोणत्या दाराशी जायचं?

खाजगी दवाखान्यात पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असं १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ठरलं आहे. नोंदणीचे किरकोळ पैसे घेतले तरी फरक पडत नाही. आपल्याकडचे कितीतरी लोक आधी तिकडे जातात आणि तिथेच वेळ घालवतात.

सरकारी रुग्णालयासाठी दोन दारं. एक दिवाणी न्यायालय. सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मृत्यू झाला असेल तर दावा १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली करता येतो. आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्यासाठी तो आहे. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. ही दोन वर्षं चाळिसावा, वर्षश्राद्ध, चौकशी समितीची वाट बघणं यात कशी जातात ते कळतही नाही. चौकशी अहवाल येईपर्यंत थांबू, असं म्हणू नका. मुदत अहवालाची वाट बघत नाही.

दुसरं दार उच्च न्यायालय, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ. सरकारने जगण्याचा मूलभूत हक्क मोडला हे उघड दिसत असेल तर रिट याचिकेत भरपाई मिळू शकते. ओडिशातल्या एका आईने मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. नीलबती बेहरा प्रकरण, १९९३. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि दीड लाख रुपये द्यायला लावले.

पैसे नाहीत, हे कारण पुरेसं नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मोठ्या आपत्तीतले पीडित यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा दाखल करायची परवानगी मागता येते.

शेवटचं

चाचांच्या वेळी घरात एक वाक्य रोज ऐकू यायचं, "तकदीर में था." कुणी गेलं की आपण सब्र करतो, करायलाच हवा. पण खड्ड्याभोवती दिवा लावणं ठेकेदाराच्या हातात होतं. आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? ज्याने उंट बांधला नाही, त्याने तकदीरचं नाव पुढे करायचं आणि आपण मान डोलवायची, हा सब्र नाही. आणि हे फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं नाही. त्या कक्षातली १० बाळं ज्या घरांतली होती, ती सगळी घरं आपली शेजारी आहेत.

दाव्याने बाळ परत येत नाही. ३२ वर्षांनी मिळालेले ३६,००० रुपये ही काय भरपाई झाली? पण त्या माणसाने दावा सोडला नाही, म्हणून आज कोणतंही सरकारी रुग्णालय "आमच्यावर दावा चालत नाही" असं म्हणू शकत नाही. त्याचा उपयोग आज तुम्हाला-मला होतो आहे.

तुमच्यापैकी कुणी लॉला जाणार असेल तर हा विषय घ्या, जिल्ह्यात अशा वकिलांची गरज आहे. बाकीच्यांनी एवढंच करा. आपल्या वस्तीतल्या शाळेत, मदरशात, दवाखान्यात, शादीखान्यात जा आणि आगीचं यंदाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून नम्रपणे विचारा. जानेवारी आणि जुलै, दोन्ही महिने लक्षात ठेवा. प्रमाणपत्र नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या संस्थांपासून सुरुवात करा, म्हणजे दुसऱ्याला विचारताना मान वर राहील. त्या एका कागदामुळे उद्या कदाचित दावा करायची वेळच येणार नाही.

चाचा आता काठी घेऊन चालतात. मी भाषण द्यायला येतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "पोरांना सांग, फोटो काढा म्हणावं." त्यांचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवला.